लक्झेंबर्गला जे झाले ते विंडहुकला का नको?

जालियनवाला बागेसाठी ब्रिटनने माफी मागावी का, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की थोड्याच वेळात जर्मनीचे नाव येते. २०१९ मध्ये, त्या हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला, माफी मात्र मागितली नाही. आणि इतिहासाला सामोरे कसे जावे हे जर्मनीकडून शिका, असे तेव्हा अनेकांनी सुनावले. जानेवारी २०२४ नंतर याच चर्चेचा सूर पालटला. गाझाबद्दलच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे इस्रायलची बाजू घेणार असल्याचे जर्मनीने १२ जानेवारीला जाहीर केले. नामिबियातील हेरेरो लोकांनी जर्मन राजवटीविरुद्ध केलेल्या उठावाला त्याच दिवशी बरोबर १२० वर्षे पूर्ण होत होती. विंडहुक ही राजधानी असलेल्या नामिबियाचे तेव्हाचे अध्यक्ष हागे गाइनगोब यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि मग जर्मनीचा सगळा पश्चात्तापच ढोंग ठरवण्याची चढाओढ लागली. काल आदर्श, आज ढोंगी. या दोन्ही भूमिकांनी प्रश्नाचे नुकसानच केले आहे, कारण पहिलीला जर्मनीकडून आणखी काही मागायचे सुचत नाही आणि दुसरीला काही मागण्यात अर्थ वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की जर्मनीचा पश्चात्ताप खरा आहे, पण तो युरोपच्या हद्दीशी थांबला. आणि ती हद्द ओलांडण्यासाठी जर्मनीला कोणाकडून नवे तत्त्व उसने घेण्याची गरज नाही. १९५२ मध्ये लक्झेंबर्ग येथे ज्यूंच्या संहाराची भरपाई देताना जी तत्त्वे तिने स्वतः मान्य केली, तीच हेरेरो आणि नामा लोकांच्या बाबतीत लागू केली तरी पुरे आहे.

आधी घडले काय ते पाहायला हवे, कारण या वादात बोलणाऱ्या अनेकांना 'वसाहतकाळातील अत्याचार' या सैल शब्दांपलीकडे काही ठाऊक नसते. आजचा नामिबिया १८८४ मध्ये 'जर्मन नैऋत्य आफ्रिका' या नावाने जर्मन वसाहत झाला. त्याच्या आदल्या वर्षी आडोल्फ ल्यूडेरित्झ या ब्रेमेनच्या तंबाखू व्यापाऱ्याने एका नामा प्रमुखाकडून किनारपट्टी विकत घेतली होती. करारात 'भौगोलिक मैल' असा शब्द होता. विकणाऱ्याला माहीत होता तो सुमारे १.६ किलोमीटरचा इंग्रजी मैल, आणि घेणाऱ्याने मोजून घेतला तो सुमारे ७.४ किलोमीटरचा जर्मन मैल. पुढे १८९७ मध्ये बुळकांडीच्या साथीने हेरेरोंची बहुतेक गुरे मेली. गुरे हेच ज्यांचे धन, मान आणि धर्म, ते लोक व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडाले आणि कर्जापायी जमिनी जाऊ लागल्या. १२ जानेवारी १९०४ रोजी सॅम्युएल महारेरो यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि त्यात शंभराहून अधिक जर्मन मारले गेले. बायका, मुले आणि मिशनरी यांना हात लावू नये, असा महारेरो यांचा हुकूम होता. त्यानंतर बर्लिनने लोथार फॉन ट्रोथा या सेनापतीला पाठवले. ११ ऑगस्टला वॉटरबर्गच्या पायथ्याशी लढाई झाली. हेरेरो कुटुंबकबिल्यासह आणि गुरांसह पूर्वेला ओमाहेकेच्या वाळवंटात हटले आणि जर्मन फौजेने परतीच्या वाटा व पाणवठे अडवून धरले. २ ऑक्टोबरला ट्रोथाने लेखी हुकूम काढला की जर्मन हद्दीत सापडलेला प्रत्येक हेरेरो, त्याच्याजवळ बंदूक असो वा नसो, गुरे असोत वा नसोत, गोळी घालून मारला जाईल आणि बायका-मुलांनाही यापुढे थारा मिळणार नाही.

डिसेंबरमध्ये बर्लिनहून तो हुकूम मागे घेण्यात आला. जे वाचले होते त्यांची रवानगी छावण्यांमध्ये झाली. ल्यूडेरित्झ बंदरालगतच्या शार्क बेटावर, अटलांटिकच्या गार वाऱ्यात, उष्ण पठारावरची माणसे अपुऱ्या कपड्यांत आणि अर्धपोटी ठेवली गेली. बंदराच्या आणि रेल्वेच्या कामावर ती राबवली गेली. उठावात उतरलेल्या नामा लोकांचेही तेच झाले. त्यांचे वृद्ध नेते हेंड्रिक विटबोई १९०५ मध्ये लढताना पडले, तर कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ मध्ये शार्क बेटावर मरण पावले. मृतांची मुंडकी उकळून, काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करण्याचे काम कैदी बायकांकडून करवून घेतले जाई आणि त्या कवट्या अभ्यासासाठी जर्मनीतील संस्थांकडे पाठवल्या जात. ज्या बाईच्या हाती ती कवटी येई, तिने त्या माणसाला ओळखले असण्याची शक्यता किती असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. इतिहासकारांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सुमारे ८० हजार हेरेरोंपैकी ६५ हजारांपर्यंत आणि सुमारे २० हजार नामांपैकी १० हजार माणसे या चार वर्षांत गेली, असे साधारणपणे धरले जाते.

यानंतर जवळपास शतकभर शांतता होती. २००४ मध्ये मंत्री हायडेमारी विचोरेक-त्सोइल यांनी नामिबियातील ओकाकरारा येथे जाऊन क्षमा मागितली. २०१५ पासून जर्मन सरकार 'वंशसंहार' हा शब्द वापरू लागले आणि नामिबियाशी वाटाघाटी सुरू झाल्या. २८ मे २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री हायको मास यांनी संयुक्त निवेदन तयार झाल्याचे सांगितले. 'आजच्या दृष्टीने' जे घडले तो वंशसंहार होता, जर्मनी क्षमा मागेल आणि ३० वर्षांत ११० कोटी युरो देईल. पण हे पैसे म्हणजे नुकसानभरपाई नव्हे आणि त्यातून कोणताही कायदेशीर हक्क निर्माण होणार नाही, असे त्यात ठरले होते. ११० कोटींपैकी १०५ कोटी विकासकामांसाठी आणि ५ कोटी स्मृती व सलोख्याच्या कामासाठी. हेरेरो आणि नामा यांच्या अनेक परंपरागत नेत्यांनी ते तत्काळ नाकारले, २०२३ मध्ये नामिबियाच्या उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले गेले आणि पुढची कित्येक वर्षे ते अंतिम स्वाक्षरीविना अडकून पडले.

जर्मनीच्या बाजूने जे म्हणता येते ते हलके नाही. कोणत्या वसाहतवादी सत्तेने याहून जास्त केले आहे? ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या वेळी छळ झालेल्या केनियातील ५,२२८ वृद्धांना ब्रिटनने २०१३ मध्ये सुमारे २ कोटी पौंड दिले, तेही न्यायालयात हरण्याची वेळ आल्यावर. याउलट जर्मनीने कोणत्याही निकालाच्या सक्तीशिवाय वंशसंहार हा शब्द उच्चारला, आजच्या नायजेरियातील जुन्या बेनिन राज्याची कांस्यशिल्पे २०२२ मध्ये नायजेरियाला परत करायला सुरुवात केली, आणि २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी टांझानियातील सोंगेया येथे जर्मन राजवटीविरुद्धच्या 'माजी माजी' नावाच्या उठावातील हत्याकांडांबद्दल क्षमा मागितली. बर्लिनमधील ल्यूडेरित्झच्या नावाच्या रस्त्याला आज त्याच कॉर्नेलियस फ्रेडरिक्स यांचे नाव आहे. शार्क बेटावर मेलेल्या माणसाचे नाव राजधानीतल्या रस्त्याला देणाऱ्या देशाला ढोंगी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यूंच्या संहाराची आठवण जर्मनीने जिवंत ठेवली तीही सहज झालेली गोष्ट नाही. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट यांनी १९७० मध्ये वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले तेव्हा पुष्कळ जर्मन नागरिकांना ते अती वाटले होते. हा पश्चात्ताप घरातल्या विरोधाशी झगडत उभा राहिला आहे, म्हणूनच त्याच्याकडे काही मागण्यात अर्थ आहे.

विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा कायद्याचा आहे. एखादे कृत्य ज्या काळात घडले त्या काळच्या कायद्यानेच ते तोलायचे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात खरोखरच आहे आणि ते फेकून दिले तर कुठलाही करार स्थिर राहणार नाही. वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९४८ चा. मग १९०४ च्या घटनेला तो कसा लागू होणार? म्हणूनच निवेदनात 'आजच्या दृष्टीने' हे शब्द घातले गेले. परंतु हे शब्द एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे त्या काळच्या दृष्टीने हे कृत्य चालण्यासारखे होते. ते होते का? ट्रोथाचा हुकूम मागे घ्यावा असे सम्राटाला सुचवताना चॅन्सेलर ब्यूलो यांनी कारण दिले होते की तो ख्रिस्ती आणि मानवी तत्त्वांच्या विरुद्ध आहे आणि त्याने सुसंस्कृत राष्ट्रांत जर्मनीची नाचक्की होईल. संसदेत आउगुस्ट बेबेल यांनी या युद्धावर कडाडून टीका केली. वसाहतीतील सेनाधिकारी लुडविग फॉन एस्टॉर्फ यांनी १९०७ मध्ये शार्क बेटावरील छावणी हलवली आणि हे जल्लादाचे काम मी माझ्या अधिकाऱ्यांना सांगणार नाही, असे वरिष्ठांना कळवले. चॅन्सेलर, विरोधी पक्षाचा नेता आणि लष्करातला अधिकारी या तिघांनाही हे गैर आहे हे कळत होते, तर 'आजची दृष्टी' म्हणून वेगळे काय उरते?

शिवाय जर्मनीने स्वतः हे तत्त्व नेहमी पाळलेले नाही. २ जून २०१६ रोजी जर्मन संसदेने १९१५ मधील आर्मेनियन लोकांच्या कत्तलीला वंशसंहार म्हटले. १९१५ हे वर्षही १९४८ च्या आधीचेच आहे. तो ठराव योग्यच होता, पण तुर्कस्तानच्या बाबतीत जे वर्ष आड आले नाही ते नामिबियाच्या बाबतीत का यावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे सापडलेले नाही. संसदेचे तेव्हाचे अध्यक्ष नॉर्बर्ट लामर्ट यांनी त्याच्या आदल्या वर्षीच लिहून ठेवले होते की आर्मेनियाबद्दल बोलणाऱ्याने हेरेरोंबद्दलही तोच शब्द वापरला पाहिजे.

आता लक्झेंबर्गकडे वळतो. १० सप्टेंबर १९५२ रोजी पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क आणि ज्यूंच्या दावा परिषदेला ४५ कोटी मार्क देण्याचे मान्य केले. ही दावा परिषद म्हणजे कोणतेही राज्य नव्हते. जगभरच्या ज्यू संघटनांनी आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एकत्र येऊन ती स्थापन केली होती आणि नाहुम गोल्डमन तिच्या वतीने बोलत होते. आणि इस्रायल? संहार झाला तेव्हा ते राज्यच अस्तित्वात नव्हते, ते १९४८ मध्ये जन्मले. काटेकोर कायद्याने पाहिले तर पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर आडेनाउअर यांना दोन्ही पक्षांना परत पाठवता आले असते, कारण एक पक्ष घटनेनंतर जन्मलेला होता आणि दुसरा राज्यच नव्हता. त्यांनी तसे केले नाही. जनमत अनुकूल नव्हते, स्वतःच्या आघाडीत फूट होती. मार्च १९५३ मध्ये संसदेत करार २३९ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर झाला तेव्हा ८६ सदस्य तटस्थ राहिले आणि विरोधी समाजवादी पक्षाच्या मतांनी तो तारला. रक्कमही हवेतून आलेली नव्हती. पाच लाख निर्वासितांना वसवण्याचा दरडोई ३ हजार डॉलर खर्च धरून इस्रायलने दीडशे कोटी डॉलरचा दावा मांडला होता आणि त्यातला दोन-तृतीयांश वाटा पश्चिम जर्मनीचा ठरवला होता. म्हणजे हानी काय झाली, ती कशी मोजायची आणि कोणाच्या हाती द्यायचे, या तिन्ही प्रश्नांवर आकडे आणि माणसे समोर ठेवून बोलणे झाले. ही देणगी नव्हती. इस्रायलने तर या पैशासाठी मुद्दाम 'शिलुमिम' हा हिब्रू शब्द निवडला, ज्यात देणे फेडल्याचा अर्थ आहे पण क्षमा केल्याचा नाही.

नामिबियाच्या निवेदनात यातले काहीच नाही. ११० कोटी ही रक्कम कोणत्या हानीच्या हिशेबाने आली? किती गुरे, किती जमीन, किती पिढ्या? वर्षाला ती पावणेचार कोटी युरोंपेक्षाही कमी पडते. बर्लिनमध्ये जुन्या राजवाड्याच्या जागी उभारलेल्या, वसाहतकाळात आणलेल्या वस्तू मांडणाऱ्या हुम्बोल्ट फोरम या एका इमारतीवर सुमारे ६८ कोटी युरो खर्च झाले, हे सहज आठवले म्हणून नोंदवतो. रक्कम मोठी की छोटी हा माझा मुख्य आक्षेप नाही. कुठल्याच हिशेबाला न जोडलेली रक्कम ही देणाऱ्याची मर्जी ठरते, आणि स्वतःच्या गेलेल्या जमिनीबद्दल दुसऱ्याच्या मर्जीने मिळालेले पैसे घ्यायला लोक तयार होत नाहीत, यात नवल वाटण्यासारखे काय आहे?

यावर जर्मन मुत्सद्दी सांगतात की नामिबियात निवडून आलेले सरकार आहे आणि एका सार्वभौम देशातील जमातींशी परस्पर वाटाघाटी करणे म्हणजे पुन्हा वसाहतवादी वागणूक ठरेल. हा युक्तिवाद मला बराच वेळ पटला होता. ओवाम्बो समाज बहुसंख्य असलेल्या देशात हेरेरो आणि नामा अल्पसंख्य आहेत. परक्या सत्तेने त्यांच्याशी वेगळा करार केला तर देशात तेढ वाढू शकते, आणि स्वातंत्र्यासाठी १९९० पर्यंत लढावे लागलेल्या देशाला याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण लक्झेंबर्गला इस्रायल सरकार आणि दावा परिषद यांतून एकाची निवड करावी लागली नव्हती. दोघेही एकाच टेबलावर होते आणि दोघांचे कागद वेगळे होते. शिवाय नामिबिया सरकारशीच बोलायचे ठरवले तर ओमाहेके पार करून ब्रिटिशांच्या हद्दीत पोहोचलेल्यांचे काय? महारेरो स्वतः तिथेच आश्रयाला गेले आणि १९२३ मध्ये परदेशातच वारले. त्यांचा देह तेवढा नामिबियातील ओकाहांजाला परत आला. जे तिथेच राहिले त्यांचे वंशज आज बोट्स्वानाचे नागरिक आहेत. त्यांच्या पणजोबांना हाकलले होते जर्मन फौजेने, आणि त्यांच्या वतीने विंडहुकचे सरकार बोलू शकत नाही.

यानंतर उरतो तो मुद्दा सर्वांत नाजूक आहे आणि तो मांडणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. ज्यूंचा संहार इतर कशाच्याही शेजारी ठेवला की त्याचे गांभीर्य कमी होते, ही भीती जर्मनीत अनुभवातून आली आहे. १९८६ मध्ये इतिहासकार एर्न्स्ट नोल्टे यांनी नाझींच्या छावण्यांना सोव्हिएत छावण्यांची प्रतिक्रिया ठरवू पाहिले, तेव्हा तुलना हे अपराध पातळ करण्याचे साधन झाले होते आणि तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी त्याला विरोध केला तो बरोबरच होता. नामिबियाचा विषय काढणाऱ्यांतही काही जण विंडहुकपासून नाझींच्या आउशवित्स संहार छावणीपर्यंत एक सरळ रेषा ओढतात. ती मला मान्य नाही. युरोपातील ज्यूद्वेषाची मुळे वसाहतींहून फार जुनी आहेत, मधे एक महायुद्ध आणि कोसळलेले प्रजासत्ताक आहे, आणि वसाहतींत भयंकर अत्याचार करणारे इतर देश त्या टोकाला गेले नाहीत. तरीही काही धागे खरे आहेत. ऑयगेन फिशर यांनी १९०८ मध्ये नामिबियातील रेहोबोथ येथे मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेतली आणि १९२७ पासून ते बर्लिनच्या त्या मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक होते, जिने नाझींच्या वंशविचाराला विद्वत्तेचे पाठबळ पुरवले. ट्रोथाच्या फौजेत असलेला फ्रांत्स फॉन एप पुढे बव्हेरियातील नाझी राज्यपाल झाला. हे सांगितल्याने आउशवित्सचे ओझे तसूभरही हलके होत नाही. नोल्टेंच्या तुलनेने जर्मनीचे देणे कमी होत होते. ही तुलना ते वाढवते. एकच शब्द उच्चारणाऱ्या दोन माणसांचे हेतू इतके उलटे असताना दोघांना एकच उत्तर कसे चालेल?

जमिनीचा प्रश्न उरतोच, आणि त्यात जर्मनीला एकटीला दोषी धरता येणार नाही हेही खरे आहे. १९०५ मध्ये सम्राटाच्या आदेशाने हेरेरोंची जमीन सरकारजमा झाली. १९१५ नंतर दक्षिण आफ्रिकेने तीच वाटणी पुढे चालवली आणि वर्णभेदाच्या कायद्यांनी पक्की केली. २०१८ मधील सरकारी आकड्यांनुसार नामिबियातील खासगी शेतजमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन गोऱ्या मालकांकडे होती. या प्रश्नाशी आपलाही थोडा संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांत नैऋत्य आफ्रिकेचा प्रश्न १९४६ मध्येच मांडणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. म्हणून इथल्या चर्चेत तरी 'जर्मनी आदर्श की ढोंगी' हा खेळ थांबवून नेमके काय मागायचे यावर बोलावे. निवेदनातून 'आजच्या दृष्टीने' हे शब्द वगळले जावेत. गेलेली गुरे आणि जमीन यांचा हिशेब हेरेरो, नामा आणि दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून मांडावा आणि रक्कम त्यावरून ठरावी. तिचा मोठा भाग विकणाऱ्या मालकांकडून जमिनी घेऊन त्या वंशजांना देण्यासाठी राखला जावा. आणि सरकारच्या करारासोबत हेरेरो व नामा यांच्या प्रतिनिधींशी, बोट्स्वानातील वंशजांना धरून, वेगळा करार व्हावा.

यातले शेवटचे काम जर्मनीला नवे नाही. लक्झेंबर्गच्या नगरभवनात त्या सकाळी भाषणे झाली नाहीत, समारंभ काही मिनिटांतच शांततेत उरकला. आडेनाउअर यांनी इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांच्यासोबत एका करारावर सही केली आणि नंतर, ज्यांच्यामागे कोणतेच राज्य नव्हते अशा गोल्डमन यांच्यासोबत दुसऱ्या कागदांवर.